वीस मिनिटांची सीडी

“पाय आपटू नका. सीडी राइट होतेय.”

ती दारातच थबकली. लॅबमधून आली होती, त्याच्या आईचं रक्त तपासणीला न्यायला. हातात सुयांचा डबा, आणि समोर हा, कॉम्प्युटरचं टेबल दोन्ही हातांनी धरून बसलेला.

“टेबलाचा एक पाय आखूड आहे,” तो म्हणाला. “कुणी जोरात चाललं की टेबल हलतं आणि सीडी वाया जाते.”

“मग मी उडत येऊ का?”

“जमत असेल तर बघा.” आणि तो हसला. हसला तिथेच सगळा घोटाळा झाला.

सकाळी तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि दुपारनंतर लोकांच्या आवडीची गाणी जमवून सीडी करून द्यायचा. पुढच्या शनिवारी ती यादी घेऊन हजर. मग दर शनिवारी. सीडी होईपर्यंत हलायचं नाही, म्हणून दोघं दोन खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघा लागणार नाही इतपत अंतर ठेवून बसायची आणि हळू आवाजात बोलायची. वीस मिनिटं. तीच तिला आठवडाभर पुरवून पुरवून वापरावी लागायची. त्याच्या मानेवरचा तीळ, बाहीवरचा शाईचा डाग... सगळं हाताच्या अंतरावर, आणि हात लावायची सोय नाही. मग कॉम्प्युटरमधून सीडीचा ट्रे बाहेर यायचा, तो मुकाट्याने सीडीवर तारीख घालायचा. पठ्ठ्या जगभरचं बोलायचा, मुद्द्याचं सोडून.

चौदाव्या शनिवारी ती ठरवूनच आली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती. सोमवारी निघायचं. आज हा बोलला नाही तर विषय संपला.

तर तिच्या खुर्चीवर शेजारचे टॅक्सीवाले काका.

“थांब पोरी, चार मिनिटांत माझं होतंय.”

“चार?”

“मग काय. याच्याकडे मला पाचवं मिनिट कधी लागलं नाही.”

काका सीडी घेऊन गेले. ती बसलीच नाही.

“माझ्याच सीडीला वीस मिनिटं का लागतात?”

तो कानापर्यंत लाल झाला. “वेग कमी ठेवला की... आवाज चांगला येतो.”

“काकांना फाटका आवाज आवडतो?”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “सांग की खरं. मला रोज सांगतोस ते.”

“आई, तू जरा —”

“मी कुठे काय बोलले? मी भाजी चिरतेय.”

तिला राग आला. खरा, डोळ्यांत पाणी आणणारा. तेरा शनिवार याने चोरून लांबवले, आणि एक वाक्य याच्याच्याने होईना.

“सोमवारी मी चाललेय. नोकरी लागलीय, कायमची. त्या डबड्याला हळू चाल म्हणता येतं, मला थांब म्हणता येत नाही? इतके कसे हो घाबरट तुम्ही?”

त्याने कीबोर्ड बाजूला सारला.

“थांब नाही म्हणणार,” तो म्हणाला. “दोन वर्षं या नोकरीच्या परीक्षेसाठी झिजलात तुम्ही. माझ्यापायी ती नोकरी सोडलीत, तर मला आरशात बघवणार नाही. पण... तुम्ही गेलात की शनिवार उजाडूच नये असं वाटेल. मला आवडता तुम्ही. आईला पहिली सुई टोचलीत, तेव्हापासून.”

आत सुरीचा आवाज थांबला.

“आता माझं ऐका,” ती नाक पुसत म्हणाली. “माझ्याकडे सीडी प्लेअरच नाहीये.”

“काय?”

“रेडिओ आहे नुसता. तुमच्या तेराच्या तेरा सीड्या कपाटात पडल्यात, कपड्यांखाली. एकही ऐकलेली नाही.”

तो हसायला लागला. त्याने तिचा हात हातात घेतला — पहिल्यांदाच. दिवसभर सुया धरणारी बोटं, शीर न चुकणारी. ती आता त्याच्या बोटांत गुंतली.

“सोमवारी सकाळची गाडी आहे.”

“पोचवायला येतो.”

“पोचवायला बाबा आहेत. तुम्ही पुढच्या शनिवारचं तिकीट काढा. तिकडचं.”

“आणि त्याच्या पुढच्या शनिवारचं?”

“तेही मीच सांगू?”

ती जिना उतरली. पुढच्या शनिवारपर्यंतच्या सात दिवसांतला एकही अजून सुरू झाला नव्हता, तरी ते आत्ताच संपता संपत नव्हते. खाली जाऊन तिने वर पाहिलं. तो खिडकीत उभा, हात हलवायचंही भान नाही. तिने मात्र हलवला, आणि रस्ता ओलांडेपर्यंत वळून वळून बघत राहिली. गल्लीतलं कोण बघतंय, याची तिला फिकीर नव्हती.