सत्तेचाळीसावा रकाना

नागपूरच्या यंत्रपरीक्षा प्रयोगशाळेत एक रोखयंत्र पोट उघडून टेबलावर ठेवलेले होते. नोटा ओढणारे रबरी रूळ, पट्ट्या, नोटेची जाडी मोजणारे इवलेसे डोळे, सगळे बाजूला ओळीने मांडलेले. समोरच्या स्टुलावर हेमंत पिंपळापुरे मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत अकरा चिठ्ठ्या होत्या, आणि अकराही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता: ‘आपल्या व्यवहारात पाचशेची एक नोट जादा गेली. रक्कम खात्यातून वळती केली आहे. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.’

पिंपळापुऱ्यांचे वय एकाहत्तर. बत्तीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासणारा माणूस आता स्वतःच बिघडलेला काटा झाला आहे, असे त्यांच्या मुलीला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर त्यांनाही.

पहिली चिठ्ठी आली तेव्हा त्यांना वाटले, आपणच मोजायला चुकलो. तिसऱ्या चिठ्ठीनंतर ते यंत्रापुढे दोनदा मोजू लागले. सहाव्या चिठ्ठीनंतर त्यांनी कामाला येणाऱ्या कुंदाबाईंवर दोन दिवस संशय घेतला आणि पुढे महिनाभर त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. अकरावी आली तेव्हा मुलगी ऋता पुण्याहून आली होती. तिने खाते उघडून पाहिले आणि हळूच विचारले, “बाबा, अकरा वेळा जास्तीची नोट हातात येते आणि तुम्हाला पत्ता नसतो?”

ती चिडली असती तर बरे झाले असते. तिने पालकखात्यासाठी अर्ज केला. तो मंजूर झाला की वडिलांचा पैसा मुलीच्या अंगठ्यावर चालणार आणि वडिलांनी पुण्याला मुलीच्या मागच्या खोलीत राहायचे. सुनावणी महिन्याच्या तीस तारखेला होती. पुरावा म्हणून याच अकरा चिठ्ठ्यांच्या नकला जोडलेल्या होत्या.

“चहा घ्या, सर,” डॉ. शर्वरी उईके म्हणाल्या. वीस वर्षांपूर्वी त्या पिंपळापुऱ्यांच्या हाताखाली शिकाऊ निरीक्षक होत्या. आता या प्रयोगशाळेच्या प्रमुख. “तुमच्या चौकातल्या यंत्राच्याच जातीचं हे. चांगलं आहे. वीस हजार नोटांमागे एखादी दुसरीला चिकटून जाते. एवढी चूक नियमात बसते.”

बँकेतला साहेबही हेच म्हणाला होता. अगदी याच शब्दांत. पिंपळापुऱ्यांनी शर्वरीबाईंकडे जरा रोखून पाहिले.

“मग चिकटलेली नोट दर वेळी माझ्याच नावावर का पडते?”

“आली नाही याची तुम्हाला खात्री आहे?”

“नाही,” ते म्हणाले. “तेच तर दुखणं आहे.”

शर्वरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“पूर्वी दिवसाअखेर रोकड कमी भरली की बँकेतली माणसं शोध घेत. आता यंत्र स्वतःच ताळा करतं. याला स्वयंताळ म्हणतात. समजा, एक नोट कमी पडली. म्हणजे दिवसभरात कुणाला तरी ती जादा गेली. जाडी मोजणारे डोळे एवढंच सांगतात, की या चाळीस जणांपैकी कुणीतरी. मग यंत्र अंदाज बांधतं आणि एकाच्या खात्यातून पैसे वळते करतं.”

“आणि तो अंदाज बरोबर होता की चूक, हे त्याला कोण सांगतं?”

“ग्राहक. त्याने सात दिवसांत हरकत घेतली, तर अंदाज चुकला. पैसे लगेच परत. नाही घेतली, तर बरोबर. हजारो वेळा असं झालं की यंत्र आपोआप शिकत जातं.”

पिंपळापुऱ्यांनी कप बशीत ठेवला. चहा तसाच होता.

“काय शिकतं?”

शर्वरीबाईंनी टेबलावरच्या उघड्या यंत्राकडे पाहिले.

“बाई, खोटा काटा कसा ओळखायचा म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं?”

“नुसता बिघडलेला काटा दोन्हीकडे चुकतो,” त्या पाठ केल्यासारख्या म्हणाल्या. “कधी गिऱ्हाईक बुडतं, कधी दुकानदार. पण नेहमी एकाच बाजूला चुकत असेल, तर पारडं उलटं करून बघायचं. खाली चिंच चिकटवलेली असते.”

“उलटं करा मग.”

चौकातल्या त्या यंत्राची वर्षाची नोंद पडद्यावर आली. चार हजार ग्राहक. कमी पडलेल्या नोटा दोनशे तेरा. आणि त्या सगळ्या वळत्या झाल्या होत्या फक्त एकोणीस खात्यांवर.

शर्वरीबाईंनी आकडा पुन्हा तपासला. मग तंत्रज्ञ ठवकर दारातून म्हणाला, “मॅडम, एकोणीसच? बाकीच्यांनी काय पुण्य केलं होतं का?”

चिंच कुठे आहे ते शोधायला दुपार गेली. अंदाज बांधण्यासाठी यंत्र प्रत्येक ग्राहकाबद्दल सत्तेचाळीस रकाने भरत होते. सेहेचाळीस माणसांनी नेमून दिलेले: वेळ, रक्कम, नोटांची जाडी वगैरे. सत्तेचाळीसावा यंत्राने स्वतः तयार केला होता. त्याला नाव नव्हते. शून्य ते एकच्या मधला एक आकडा, एवढेच. त्या एकोणीस जणांचा तो आकडा पॉइंट नव्वदच्या वर होता.

“कॅमेऱ्यात बघू,” शर्वरीबाई म्हणाल्या.

चित्रात चेहरे कायद्याने पुसलेले होते, पण अंगे दिसत होती. एक माणूस पाठीमागच्याला ‘तुम्ही आधी’ म्हणून दोनदा बाजूला झाला. एकाने चुकीचे बटण दाबल्यावर यंत्राकडे पाहून मान तुकवली. जांभळ्या साडीतली एक बाई चपला बाहेर काढून आत आली, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, काहीतरी विचारावेसे वाटून वळली आणि रांग बघून निघून गेली. आणि कापडी पिशवीवाला एक म्हातारा, पावती चारदा वाचून, घडी घालून, कुणाला आपला धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून बाहेर पडला.

पिंपळापुऱ्यांनी मांडीवरची कापडी पिशवी हळूच स्टुलाखाली सरकवली. आयुष्यभर आपला स्वभाव कुणाच्या लक्षात येत नाही, असे ते समजत होते.

“हा संकोचांक आहे, सर,” शर्वरीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “माणूस किती बुजरा आहे ते यंत्र मोजतं. कुणी लबाडी केलेली नाही. नोट कुणाला गेली ते शोधायला आपण त्याला सांगितलं. पण बक्षीस दिलं ते, कोण बोलणार नाही ते शोधल्याबद्दल.”

“माझा किती आहे?”

“पॉइंट शहाण्णव.” त्यांनी आकडा झाकल्यासारखा पडदा बंद केला. “आत्ता इथून हरकत नोंदवा. शेवटच्या चिठ्ठीला चारच दिवस झालेत. पाचशे परत येतील, तुमचा अंक धाडकन खाली येईल, पुन्हा तुमच्या वाटेला जाणार नाही ते.”

पिंपळापुऱ्यांचे बोट बटणापर्यंत गेले.

“आणि बारावी नोट? ती कुणाच्या खात्यावर?”

“उरलेल्या अठरांपैकी...” त्या अडखळल्या.

“ती चपला काढणारी बाई आहे त्यात.” त्यांनी बोट मागे घेतले. “शिवाय एक पाचशे परत आल्याने ऋता काय म्हणणार? बाकीच्या दहा वेळा तरी विसरलातच ना, म्हणणार.”

“बँकही तेच म्हणेल. हे एकोणीस जण वेंधळे आहेत, दुसरं काय. पुरावा हवा, सर. एखादं असं खातं, ज्याला जादा नोट गेलेली नाही हे शंभर टक्के ठाऊक आहे, आणि तरी यंत्राने त्याच्यावर आळ घेतला.”

असे खाते प्रयोगशाळेकडे होते. तपासणीसाठी बँकेने प्रत्येक प्रयोगशाळेला चाचणीपत्र दिलेले असते. त्या कार्डामागचे खाते बँकेच्या मुख्य कार्यालयाचे. यंत्र माणूस ओळखत नाही, ओळखते ते कार्ड. कार्ड वापरणारा जसा वागेल तसा त्या कार्डाचा संकोचांक. नोटा कॅमेऱ्यासमोर मोजून पारदर्शक पाकिटात सीलबंद करायच्या, म्हणजे शंकेला जागा नाही.

आधी ठवकर गेला. खाली मान घालून, नखे कुरतडत, चार दिवस जात राहिला. अंक पॉइंट अकरावर.

“मॅडम, मी पुरा लाजून राहिलो होतो ना!”

“तू रांगेतल्या दोघांना ‘सरका ना जी’ म्हणालास, ठवकर.”

“ते तर म्हणावंच लागते. नाहीतर नंबर कसा लागन?”

शर्वरीबाईंनी पिंपळापुऱ्यांकडे पाहिले.

“मला नाटक जमत नाही,” ते म्हणाले.

“म्हणूनच.”

दुसऱ्या दिवसापासून पिंपळापुरे चाचणीपत्र घेऊन दिवसातून चार वेळा त्या चौकात जाऊ लागले. दर वेळी बँकेच्या वतीने ते मागच्याला ‘तुम्ही आधी’ म्हणत. बँकेच्या वतीने बटण चुकून ओशाळत. बँकेच्या वतीने नोटा दोनदा मोजून भिंतीच्या कडेने बाहेर पडत. मनात धाकधूक होतीच. न जाणो, यंत्र बरोबर असेल आणि खरेच आपल्या डोक्यात काहीतरी सैल झाले असेल. पाकिटे उघडताना ते दर वेळी दुसरीकडे बघत. एकाही पाकिटात जादा नोट निघाली नाही.

नवव्या दिवशी चाचणीपत्राचा अंक पॉइंट सत्याण्णव झाला. शहरातले सर्वांत बुजरे गिऱ्हाईक आता खुद्द बँक होती.

दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचशेची एक नोट कमी पडली. यंत्राने चाळीस जण पाहिले, सत्तेचाळीसावा रकाना पाहिला आणि बँकेच्या मुख्य कार्यालयाला कळवले: ‘आपल्या व्यवहारात पाचशेची एक नोट जादा गेली.’

“आता गप्प बसायचं,” शर्वरीबाई म्हणाल्या. “आपण निरीक्षक आहोत.”

मुख्य कार्यालयात असले निरोप कोण वाचतो? पिंपळापुरे चौकात जातच राहिले. दोन आठवड्यांत सहा नोटा कमी पडल्या आणि सहाही बँकेनेच भरल्या. उरलेल्या अठरांपैकी एकालाही चिठ्ठी गेली नाही.

अठ्ठावीस तारखेला महिन्याचा हिशेब लावताना कुणाच्या तरी ते लक्षात आले. बँकेने सहा हरकती नोंदवल्या. दोन मान्य झाल्या. चार हरकतींना त्यांच्याच यंत्राचे उत्तर आले: ‘मुदत संपली आहे. आपले मौन ही आपली संमती समजण्यात आली आहे.’

तासाभरात बँकेचे विभागीय व्यवस्थापक प्रयोगशाळेत हजर झाले.

“मॅडम, आमच्या कार्डाला एकही नोट जादा गेलेली नाही! सीलबंद पाकिटं आहेत तुमच्याकडे. यंत्र म्हणतं म्हणून काय आम्ही पैसे भरायचे?”

“म्हणजे यंत्राने वळती केलेली रक्कम हा नोट मिळाल्याचा पुरावा नाही, असं तुमचं म्हणणं आहे?”

“अर्थात!”

“लेखी द्याल?”

“आत्ता देतो!” त्यांनी रागारागाने लिहून सही ठोकली आणि शिक्काही मारला.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून पिंपळापुरे उठले.  आपण फारच पुढे जात आहोत की काय, असे वाटत असतानाच ते म्हणाले, “साहेब, याची एक नक्कल मला मिळेल का? परवा सुनावणी आहे माझी.”

ती नक्कल त्याच दुपारी ऋताला गेली. सोबत एकोणीस खात्यांची नोंद आणि सत्तेचाळीसाव्या रकान्याबद्दल शर्वरीबाईंचे दोन पानी टिपण. संध्याकाळपर्यंत तिचा फोन आला नाही. पिंपळापुरे उगाचच पुस्तकांच्या कपाटाची धूळ पुसत बसले. कागद तिने वाचला असेल. पण वाचून तिला वाटले असेल, की म्हाताऱ्याने काहीतरी खटपट करून मिळवला.

सातला फोन वाजला.

“बाबा, अर्ज मागे घेतला.”

“बरं.”

“आणि...” ऋता थांबली. कचेरीत वीस माणसांना धारेवर धरणारी मुलगी इतका वेळ थांबत नसे. “ते टिपण वाचून मी माझंही खातं बघितलं. इथल्या कोपऱ्यावरही तसलंच यंत्र आहे.”

“किती?”

“चौदा. दोन वर्षांत. मी ते निरोप उघडतच नाही हो, कामाच्या रगाड्यात. पण मी कुठे बुजरी आहे?”

पिंपळापुरे खुर्चीत बसले. यंत्राला लाज दिसत नव्हती, धांदलही दिसत नव्हती. त्याला फक्त गप्प बसणे दिसत होते.

‘नीट मोजलंस का? पुन्हा एकदा मोजून बघ,’ हे वाक्य त्यांच्या अगदी जिभेवर आले. वर्षभर त्यांनी ते ऐकले होते. त्यांनी ते गिळले.

“शेवटची चिठ्ठी कधीची?”

“परवाची.”

“मग पाच दिवस आहेत. हरकत घे. पण आधी तुझ्या यंत्राच्या रांगेत उभी राहा आणि दोनदा नोटा मोजणारं कोण आहे ते बघ. त्यांनाही हरकत घ्यायला लाव.”

“अनोळखी माणसांना? बाबा, मला कसंतरीच वाटेल.”

“वाटेल,” पिंपळापुरे म्हणाले. “मी उद्या चौकात जातोय. जांभळ्या साडीतल्या एका बाईंशी बोलायचं आहे. काय बोलायचं, ते दुपारपासून लिहून काढतोय.”