टोप्याचे पंजे

"पिसाळलाय हा. लाळ बघा त्याची, लाळ," असं म्हणत इमारतीच्या अध्यक्षांनी छत्रीचं टोक थेट टोप्याच्या नाकासमोर धरलं.

टोप्या दारासमोर पाय पसरून बसला होता. डोक्यावर टोपी ठेवावी तसा काळा ठिपका असलेला तो पांढरा कुत्रा सुट्टी लागल्यापासून सुकत चालला होता. खात नव्हता, लंगडत होता, आणि तोंडातून सारखी लाळेची तार लोंबत होती.

"छत्री मागे घ्या आधी," चिमटी म्हणाली. बारा वर्षांची ही पोरगी तोंड उघडायची ती समोरच्याला चिमटा काढायलाच, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणायचे. "त्याची इंजेक्शनं वेळच्या वेळी दिली आहेत."

"मला शिकवतेस? दुपारी सगळ्या बिऱ्हाडांची बैठक आहे. कुत्रे पकडणारी गाडी बोलवायचं ठरतंय. तुझ्या बापाला सांग."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. "कटकट नको, चिमटे. याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे ने. पण बैठकीत गाडीचं ठरलं, तर मी नाही म्हणू शकणार नाही."

चिमटीने टोप्याला उचललं आणि बाबांकडे न बघता ती तरातरा जिना उतरली.

मागोमाग धाकटा भाऊ भोपळ्या आणि तळमजल्यावरचा खिळा निघाले. खिळा एकदा कुठे बसला की तिथून हलायचा नाही, म्हणून तो खिळा.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, टोप्याचा जबडा उघडला आणि विजेरी आत धरली. "जिभेवर फोड आलेत. खाणार कसा बिचारा?" मग त्यांनी पंजा उलटा करून बोटांच्या मधली जागा दाखवली. लालभडक झाली होती. "पिसाळला वगैरे काही नाही. याच्या पायाला काहीतरी जळजळीत लागतंय आणि हा बसून ते चाटतोय. मी मलम देते, औषध देते. पण जे लागतंय ते लागतच राहिलं, तर माझं औषध काय करणार? बाहेरून आला की पंजे कोमट पाण्याने धुवा, नीट पुसा. आणि ते काय आहे ते शोधून काढा."

"अध्यक्षांनी विष घातलं असेल," बाहेर आल्यावर भोपळ्या म्हणाला.

"पायाला कोण विष घालतं रे?" खिळा म्हणाला.

"डोकं नाही तर पाय. त्यांना काय कळतंय?"

चिमटीला हसू आलं नाही. ती आठवत होती. टोप्या बागेत मातीत फिरतो, रस्त्यावर कडेने चालतो, मग जिना चढून दारासमोर बसतो. आई कामावरून येऊन दार उघडेपर्यंत तिथेच बसतो, आणि बसल्या बसल्या पंजे चाटतो.

"जिना," ती म्हणाली.

जिना धुणाऱ्या मावशी तेव्हा खालच्या पायऱ्यांवर फडकं पिळत होत्या. चिमटीने बादलीत डोकावलं. पाणी ताकासारखं पांढुरकं होतं.

"मावशी, यात फिनाईल किती घालता?"

"का ग? तूही आलीस का माझी झडती घ्यायला?" मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तो अध्यक्ष रोज ओरडतो, वास येत नाही, तू पाणीच जास्त घालतेस. झाकणभर घालते. माझे हात बघ, याच पाण्यात दिवसभर असतात. जळले का?"

हात जळलेले नव्हते. चिमटीने स्वतःचं बोट बुडवलं. काही झालं नाही.

"माफ करा, मावशी."

"माफी ठेव तुझ्याजवळ. बाजूला सर, ओलं आहे."

बैठकीला थोडा वेळ होता. दारासमोर आणखी कोणी काही टाकतं का ते बघायला, टोप्याला खिळ्याच्या घरी ठेवून तिघं गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर कठड्याआड दबा धरून बसली. भोपळ्याला लगेच तहान लागली, मग मुंग्या आल्या. "गप बस, नाहीतर खाली जा," चिमटीने त्याचा कान धरून सांगितलं. खिळा अर्थातच हलला नाही, आणि त्यानेच पहिल्यांदा बोट दाखवलं.

अध्यक्ष चोरासारखे मागे बघत वर येत होते. हातात बाटली होती. चिमटीच्या दारासमोर त्यांनी बूच काढलं आणि फरशीवर फिनाईल ओतलं. पाण्याचा थेंबही नाही. पायाजवळची केरसुणी घेऊन त्यांनी ते पसरवलं.

"आता कसा वास येतो बघू," ते पुटपुटले. "एकीला काम नको, दुसऱ्यांना कुत्रं हवं."

ते गेल्यावर भोपळ्या उठून ओरडणार होता. चिमटीने त्याचं तोंड दाबलं. "आत्ता बोललो तर ते म्हणतील, पोरं खोटं बोलतात. बाबासुद्धा त्यांचंच ऐकतील."

बैठक खाली अंगणात भरली. अध्यक्ष खुर्चीत रेलून म्हणाले, "रोगट जनावर आहे. गाडी बोलवू."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाला काहीतरी जळजळीत लागतंय. ते फरशीवरचंच असणार," चिमटी म्हणाली.

"फरशीवरचं? जिना माझ्या देखरेखीखाली आहे. कोणीही अनवाणी चालावं, पायाला काही होणार नाही."

"मग तुम्हीच चालून दाखवा."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते तिरमिरीत उठले, चपला काढून जिना चढू लागले. मागून सगळी बिऱ्हाडं निघाली. चिमटीच्या दारासमोरच्या ओल्या फरशीवर ते छाती काढून उभे राहिले.

"आलो. झालं समाधान?"

"थांबा ना. टोप्या दार उघडेपर्यंत बसतो. मी किल्ली शोधते."

चिमटी खिसे चाचपू लागली. एक खिसा झाला, दुसरा झाला. मग तिने दप्तर मागवलं. भोपळ्याने ते उलटं करून दिलं आणि सगळ्या पेन्सिली जिन्यावरून घरंगळल्या.

अध्यक्षांनी डावा पाय उचलला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

"मुंग्या आल्या का काका?" खिळ्याने काळजीने विचारलं.

"लवकर कर ग, कार्टे!"

"काय झालं? काही होत नाही म्हणाला होतात ना?"

"आग होतेय, आग," म्हणत ते उडी मारून पायरीवर आले. त्यांच्या बायकोने त्यांचा पाय धरून उलटा केला. तळवा लालबुंद झाला होता.

"आणि ते चाटायचं तर अजून राहिलंय," भोपळ्या म्हणाला.

कोणी हसलं नाही. अध्यक्षांच्या बायकोने वाकून फरशीचा वास घेतला. "काल बाटली आणली, आज रिकामी. मला म्हणालात, सांडली." मग मावशींकडे बघून त्या म्हणाल्या, "याच्यावर आधी पाणी ओता. बाटल्यांच्या कपाटाची किल्ली यापुढे माझ्याकडे."

"फिनाईलच आहे ते, काही विष नव्हे," अध्यक्ष कुरकुरले.

"झाकणभर असतं तेव्हा," मावशी म्हणाल्या. "ही पोरगी निदान विचारायला तरी आली. तुम्ही नुसते ओरडलात."

गाडीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कुत्रा कुठे जाणार नाही." या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही. चिमटीने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळचा राग अजून पुरता गेला नव्हता.

त्या आठवड्यात रोज कोमट पाणी, फडकं आणि मलम चाललं. टोप्या आधी पेज चाटू लागला, मग भाकरी मागू लागला. डॉक्टरीणबाईंनी त्याची जीभ तपासली आणि हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "औषध मी दिलं, पण दुखण्याचं मूळ तुम्ही तिघांनी काढलंत. नाहीतर माझी बाटली संपली असती आणि कुत्राही."

बाबाही बरोबर आले होते. परत येताना जिन्यात अध्यक्ष भेटले. "कुत्रा तो शेवटी कुत्राच," ते भिंतीकडे बघत म्हणाले. माफी त्यांनी शेवटपर्यंत मागितली नाही.

टोप्या चारही पायांवर घट्ट उभा राहिला आणि त्यांच्यावर असा भुंकला की जिना घुमला. चिमटीने सवयीने बाबांकडे पाहिलं. आता ते कटकट नको म्हणणार.

"भुंकू दे त्याला," बाबा म्हणाले.