भिंतीकडचा दांडा

तुम्हाला एक विचारतो. डोळ्यांपुढे कायमचा अंधार असेल, तर विश्वास कोणावर ठेवाल? पोटच्या पोरीवर, की पगारी बाईवर? उत्तराची घाई करू नका. आजारी माणसांच्या लोखंडी खाटा भाड्याने द्यायचा माझा धंदा. खाट पोचवायला गेलो की घराची नाडी हाती लागते. एका घरी मुलगा येता-जाता बापाच्या पाया पडायचा. पण म्हाताऱ्याच्या मानेखाली उशी नाही, हे शेवटी मलाच सांगावं लागलं. कोण आपलं आणि कोण परकं, ते उभ्या माणसांना कळत नाही. पडलेल्यालाच कळतं.

असाच एका ताईंकडे मी खाट घेऊन गेलो होतो. ताई पन्नाशीच्या, एकट्या. आईची नजर आधीच गेलेली, त्यात अर्धांगाने डावी बाजू लुळी पडली. खोली एवढीशी, म्हणून खाट भिंतीला घट्ट चिकटवून लावली. लुळी बाजू भिंतीकडे. खाट आणि भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्डसुद्धा सरकलं नसतं. आईचं सगळं करायला घरातच राहणारी एक बाई ठेवली होती. तिला सगळे मावशी म्हणत.

मावशींची एक रीत होती. आईला हात लावण्याआधी त्या खाटेच्या दांड्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायच्या. मग तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणायच्या, "आई, हात लावते हं" म्हणायच्या, आणि मगच स्पर्श. ताईंनाही त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की दिसत नसलेलं माणूस अचानक हात लागला तर दचकतं, अंग आवळून घेतं, मग घासही उतरत नाही.

ताईंना ते झोंबलं. माझ्याच आईपाशी जायला मी कडी वाजवू? त्या तशाच जायच्या. आई दचकायची, तोंड मिटून घ्यायची. आणि मावशींची टकटक ऐकली की तोच चेहरा उन्हात ठेवल्यासारखा उमलायचा. एकदा सूप पिता पिता आई मावशींना म्हणाली, "पुरे गं चिमणे."

चिमणी हे ताईंचं लहानपणीचं लाडाचं नाव. वडील गेल्यापासून ते घरात कोणी उच्चारलं नव्हतं. ताई दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्या टॉवेलची घडी घालत राहिल्या आणि मोडत राहिल्या.

मत्सर हे विचित्र जनावर आहे. उपाशी ठेवलं तरी अंगाने भरतं. दोघी आत हसल्या की ताईंना वाटे, आपल्यालाच हसतायत. आईच्या केसांना मावशींच्या हातच्या तेलाचा वास आला की त्या खिडकी उघडत. शेवटी एका सकाळी त्यांनी मावशींना सांगून टाकलं, की आईला तुम्ही नकोशा झालात. मावशींनी पिशवी भरायला घेतली. भरून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्यांना सांगून निघू का?"

"नको. झोपलीय ती."

आई जागी होती. तिला सांगण्यात आलं, मावशी न सांगता निघून गेल्या.

आईने अन्न सोडलं. ताईंनी गोंजारलं, दटावलं, रडून पाहिलं. दातखीळ बसावी तसे ओठ मिटलेले. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टर दाराबाहेर येऊन सांगून गेले. त्या दुपारी ताईंनी खुंटीवर राहिलेला मावशींचा ॲप्रन चढवला. त्यांच्याच साबणाने हात धुतले. आणि जन्मात पहिल्यांदा दांड्यावर टकटक केली. तळवे चोळले, आवाज बारीक केला. "आई, हात लावते हं."

"आलीस?" आई म्हणाली. "मला वाटलं, ती म्हणते तशी खरंच गेलीस." वाटी रिकामी झाली. "तृप्त झाले गं चिमणे."

हवं ते मिळालं होतं. पण दुसरीच्या नावावर. स्वतःचंच नाव दुसरीच्या वतीने ऐकणं ताईंना सोसवेना. तरी त्या रोज ॲप्रन घालत राहिल्या.

मग एकदा आई म्हणाली, "आज वेणी छान घातलीस." वेणी खरोखरच घातलेली होती. ताईंनी त्या दिवशी तिच्या केसांना हातही लावला नव्हता.

पुढे भर दुपारी, त्या भांडी घासत असताना, आतून टकटक ऐकू आली. दोनदा. मागोमाग तळव्यावर तळवा घासल्याचा आवाज... कोरडा, सावकाश. ताई ओल्या हाताने धावल्या. खोलीत कोणी नव्हतं. मावशींच्या साबणाचा वास तेवढा होता. आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळवलेली, पाठीशी उशी नीट खोचलेली. आई स्वतःहून कुशीवर वळू शकत नव्हती.

त्यांनी मावशींना फोन लावला. मावशी दूर, दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी कामाला होत्या. मागे कोणीतरी खोकत होतं. त्या मायेने विचारत होत्या, "बऱ्या आहेत ना आई?" ताईंनी फोन ठेवला. घाबरल्या होत्याच; पण भीतीच्याही तळाशी तीच जुनी जळजळ होती. ही जी कोणी आहे, तीही आपल्यापेक्षा नीट करते.

दिवेलागणीला त्यांनी ॲप्रन काढला. आईला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. दांड्यावर टकटक केली, या वेळी स्वतःसाठी.

"आई, मी. तुझी लेक."

आईच्या कपाळावर आठी पडली. "कोण लेक?"

"मी गं. मावशींना मीच..."

"ते सांगितलं माझ्या लेकीने," आई हळूच म्हणाली. "मघाशीच आली. टकटक करून. फार रडली पोर... मी माफ केलं तिला. चिमणे म्हणून जवळ घेतलं." तिने मान भिंतीकडे वळवली. "हात मात्र फार गार तिचे. चोळूनही ऊब येत नाही... अजून धरून बसलीय मला. तू कोण आहेस?"

ताईंनी पाहिलं. आईचा लुळा हात भिंतीकडच्या दांड्यावर होता. दुखण्यात पडल्यापासून कधी न मिटलेली ती बोटं मिटली होती. कुणाच्या तरी हाताभोवती मिटावीत, तशी.

आईने पुढे शेवटपर्यंत ताईंना ओळख दिली नाही. ती गेल्यावर खाट माझ्याकडे परत आली, आणि हे सगळं ताईंनी मला पावती न घेता, दारातच उभ्या उभ्या सांगितलं. मी खाट पुसायला घेतली. खोलीकडच्या दांड्यावर टकटक करून रंगाचे टवके उडाले होते. ते समजण्यासारखं होतं. मग खाट फिरवून भिंतीकडचा दांडा उजेडात आणला. तिथला रंग साफ झिजून लोखंड उघडं पडलं होतं, पेराएवढं, गुळगुळीत.

ती खाट मी पुन्हा कोणाला दिलेली नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, घरात सेवेचा हिशेब चोख ठेवा. ज्या हाताने केलं, त्याच हाताच्या नावावर जमा करा, आणि स्वतःच्या नावासमोरची जागा रिकामी सोडू नका; ती भरायला दुसरंच कोणीतरी येतं.