फ्रेम गळण्याचं कारण

“हसू नका.”

दातांच्या डॉक्टरला असं सांगणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. दवाखान्याच्या परवान्यासाठी फोटो हवे होते, नेहमीचा फोटोवाला बंद होता, म्हणून मी या दुकानात शिरले होते. कॅमेऱ्यामागचा माणूस इतका गंभीर होता की मला हसू आवरेना.

“डॉक्टर, हनुवटी खाली... इतकी नाही... आता हसू नका.”

“मी हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे.”

“मग... राहू दे तसाच,” तो म्हणाला, आणि त्याची कानशिलं लाल झाली.

मी नजर दुसरीकडे वळवली, आणि ती त्याच्या मागच्या फळीवर जाऊन अडकली. तिथे व्हिडिओ कॅसेट लावायचा प्लेअर होता. चालू असलेला! आता मात्र मी खरोखरच गंभीर झाले. त्याने तेवढ्यात फोटो काढून घेतला.

आमच्याकडे एक कॅसेट होती. माझ्या लहानपणीच्या वाढदिवसाची. तिच्यात माझ्यापेक्षा माझी आईच जास्त आहे, आणि ती सगळा वेळ रागावते आहे. मध्यंतरी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, आवाज गेला. उरली ती कुजबुज. आम्हाला खेळातून घरी बोलावताना शेजारच्यांची मुलंही घरी पाठवणारा आवाज होता तो. तेव्हापासून बाबा ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकतात आणि वाट बघत बसतात. कुणीच ओरडत नाही. मग स्वतःच उचलून वाळत घालतात.

“मला तो आवाज हवाय,” मी त्याला सांगितलं. “टेप फार जुनी आहे. तुटली तर संपलं सगळं.”

“सोपं काम आहे,” तो म्हणाला. “प्लेअरमधून या डब्यात, डब्यातून कॉम्प्युटरमध्ये. तुम्ही इथे बसा, बघा.”

मी बसले. पडद्यावर शेजारपाजारचे लोक केक खाऊ लागले, आणि चित्र धक्के खाऊ लागलं. एका काकूंचा घास बशीत होता, तो एकदम गालात गेला. मधला प्रवास गायब.

“फ्रेम गळतायत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“चित्रं भराभर येतात, कॉम्प्युटरला ती सगळी टिपता येत नाहीत. काही सुटतात. उद्या याल?”

मी उद्या गेले. आणि परवा. तो दरवेळी नवा संशयित पकडायचा. आधी केबल बदलली. मग व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम बंद केला. मग डिस्कमधली जागा मोकळी केली, आणि शेवटी पंख्यावर ठपका ठेवला. मी समोर असले की फ्रेम गळायच्याच. तो पडद्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायचे, आणि मी पडद्याकडे बघितलं की... नक्की सांगता येत नाही, पण काचेत त्याचं प्रतिबिंब पडायचं आणि ते पडद्याकडे बघत नसायचं. मला काही कळेना. बिघाड नेमका कुठे आहे? डब्यात, टेपमध्ये, का माझ्यात?

“तुम्ही सगळं एकदम बदलता,” मी एकदा वैतागून म्हणाले. “एक दात दुखतो म्हणून मी सगळी बत्तिशी काढते का? एका वेळी एकच गोष्ट बंद करा.”

“काय बंद करू?”

“पडद्यावरची ही मोठी खिडकी. चित्र दाखवणारी.”

त्याने ती नाइलाजाने बंद केली. फ्रेम गळायच्या थांबल्या.

“अरे वा,” तो म्हणाला. इतक्या पडेल आवाजात मी कुणाचं अभिनंदन ऐकलेलं नाही. “दाखवणं आणि साठवणं, दोन्ही त्याला एकदम झेपत नव्हतं. आता... आता तुम्ही थांबायची गरज नाही. बघायला काहीच नाही.”

मला राग का आला, देव जाणे. काम तर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पेन ड्राइव्ह दवाखान्यात पाठवून दिला. स्वतः आला नाही.

घरी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. बाबा खुर्ची ओढून अगदी पुढे. चित्र सुरेख, एकही धक्का नाही. फ्रॉकमधली मी, मेणबत्त्या, आणि कमरेवर हात ठेवून आई. तिने तोंड उघडलं. बाबांनी श्वास रोखला.

“बावळटा,” आईच्या तोंडून एक अनोळखी बाई म्हणाली, “खिडकीमुळे फ्रेम गळतात हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?”

“ताई, हळू बोल,” केक कापता कापता मी पुरुषी आवाजात म्हणाले.

“मग त्या डॉक्टरीणबाईंना इतक्या फेऱ्या कशाला मारायला लावल्यास?”

“काम झालं असतं तर ती पुन्हा कशाला आली असती?”

“बोलायचं की मग सरळ!”

“तिच्यासमोर तोंडच उघडत नाही.”

बाबांनी आवाज वाढवला, कमी केला, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. “अगं, ही तू नाहीस,” ते म्हणाले. आई मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, आवाजाशिवाय.

मी तडक दुकानात गेले. काउंटरवर झेरॉक्स काढणारी त्याची ताई मला बघून आत सरकली. मी पेन ड्राइव्ह लावला. त्याचाच आवाज दुकानभर घुमला आणि तो तिथल्या तिथे पांढराफटक पडला.

“डबा काढून परत जोडला होता,” तो पुटपुटला. “कॉम्प्युटरने परस्पर स्वतःचाच माईक निवडला असणार. टेपचा आवाज आलाच नाही... खोलीतलाच आला.”

“ते जाऊ द्या. टेप तुटली असती तर? माझे बाबा वाट बघतायत. तुम्हाला थट्टा वाटली?”

“नाही.” पहिल्यांदाच त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. “मी दरवेळी सुरुवातच लावत होतो. केक खाणारे लोक. आईंचा आवाज पुढे आहे. तिथपर्यंत टेप फक्त एकदा नेली, आणि तेव्हाच गाढवपणा केला. चुकलं माझं. टेप घेऊन जा, दुसरीकडे करून घ्या.”

त्या काकू रोज तोच घास गिळत होत्या, हे मला आत्ता आठवलं. राग कुठल्या भोकातून गळून गेला, कळलं नाही.

“दुसरीकडे माझं हसू चालेल की नाही, काय माहीत,” मी म्हणाले. “उद्या आईबाबांना घेऊन येते. माईक बंद करा. आणि... खिडकी उघडी ठेवा.”

“फ्रेम गळतील, डॉक्टर.”

“मग प्लेअरमधून थेट टीव्हीला वेगळी वायर जोडा. ही युक्तीही तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असेल.”

तो लगेच खणातून वायर काढायला वाकला. म्हणजे माहीत होती.

दुसऱ्या दिवशी आई त्याला नखशिखान्त न्याहाळत माझ्या कानात कुजबुजली, “खोटारडा आहे. पण टेप जपली त्याने.” मग तिने बाबांशेजारी बैठक मारली. तो भिंतीला चिकटून एका स्टुलावर बसला, माझ्यापासून शक्य तितका लांब. टीव्हीवर लहानपणीची मी केकवर वाकले, आई कमरेवर हात ठेवून वळली, आणि दुकानाच्या काचा थरथरल्या.

“अहो! नुसतं लांबून काय बघताय? जवळ या ना जरा!”

“आलो, आलो,” म्हणत बाबा उभे राहिले. कॅमेरा तेव्हा त्यांच्याच हातात होता. मग ते भानावर आले, पण बसले नाहीत. आईने त्यांचा हात धरून ठेवला.

माझ्या बाजूला काहीतरी फरशीवर घासत आलं. स्टूल होतं.

मी हसले. या वेळी त्याने मनाई केली नाही.