न चावणारे सँडल

दुपारची जेवणं आटोपली तशी मे सोईने सँडलची पेटी उघडली. 'मे' म्हणजे आई. पण त्या मोलाम मंडळीतल्या, म्हणजे गाण्या-नाचाचे खेळ करत गावोगाव फिरणाऱ्या संचातल्या, सगळ्या पोरी या आईपुढे चळचळ कापायच्या. कपडे, पिसं, मुकुट, सगळं तिच्याच ताब्यात. पाऊस सरला होता, बौद्ध भिक्षूंचा वर्षावास संपला होता, आणि हंगामाचा पहिला खेळ उद्या संध्याकाळी मुक्काम होता त्याच देवळाच्या मैदानात होता.

"निवड यातला एखादा जोड," मे सोई नव्यानेच आलेल्या दुआनला म्हणाली. "आणि आज तालमीत पडलीस तर उद्या सकाळच्या गाडीत बस. उसाचा फड तुझी वाटच बघतोय."

दुआनने आपले तळवे पाहिले. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात अजून भरले नव्हते. पुन्हा फडात जायचं नाही, एवढं एकच तिने मनाशी पक्कं केलं होतं. नाच तिला चटकन आला. पण त्या जाड तळाच्या, वीतभर टाचेच्या सँडलवर उभं राहिलं की पाय लटपटायचे. रांगेची म्होरकी पी वान, 'पी' म्हणजे थोरली बहीण, बिचारी घसा कोरडा होईपर्यंत शिकवायची.

"गुडघे ताठ गं! पाय अख्खा टेकव. आणि खाली काय बघतेस? पाय कुठे पळून जातात का?"

"म्हैस आली, म्हैस! चिखलातून वर आली!" बाकीच्या पोरी खिदळायच्या.

दुआनने पेटीत हात घातला. एक जोड ढिला, एकाचा पट्टा तुटका. अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक फिकट सोनेरी जोड हाताला लागला. त्याला उदबत्तीचा वास होता, आणि त्या वासाखाली केस करपल्याचा.

नवा सँडल पायात घालण्याआधी आपणच त्याला चावायचं, म्हणजे तो आपल्याला चावत नाही, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरही जाणतं. मंडळीत त्यावर आणखी एक नेम होता. एकीने चावलेला सँडल दुसरीने घालायचा नाही. मालकीण मेली तर जोडही तिच्याबरोबर चितेवर जायचा.

दुआन मंडळीच्या ट्रकच्या आडोशाला गेली. सँडल तोंडाशी नेला, मागच्या कडेला दात लावले... आणि झटकन बाजूला केला. दात आयते खाचांत बसले होते. तिच्याआधीच कुणीतरी तिथे चावलेलं होतं.

परत ठेवायला हवा होता, हो. पण तिने पाय घालून पाहिला, आणि पाय असा अलगद बसला की विचारू नका. ती चार पावलं चालली. मग धावली. लटपट नाही की ठेच नाही. शहाण्या माणसाची अक्कलसुद्धा गरजेपुढे शेण खाते, ही तर कोवळी पोर. तिने खाचांवर सोनेरी पट्टी चिकटवली आणि गप्प बसली.

तालमीला सगळ्या मंडळीच्या मंचावरच्या, गावोगाव नेऊन उभारायच्या उंच जिन्यावर उभ्या राहिल्या. ढोल सुरू झाला. दुआन रांगेबरोबर पायऱ्या उतरली, आणि कसली उतरली! पी वानने आ वासला. खाली येऊन सगळ्या उजवीकडे वळल्या. दुआन डावीकडे वळली. एक छोटी उडी, अर्धी गिरकी, मग मान तिरकी.

ढोल थांबला. देवळाच्या छपरावरची कबुतरं ऐकू येऊ लागली.

"ही गिरकी कुणी शिकवली तुला?" मे सोईने विचारलं.

"कुणी नाही, मे... पाय आपोआप वळले..."

मे सोई जवळ आली आणि खाली वाकली. म्हातारी बाई पोरीच्या पायाशी वाकली! पोरींनी तोंडावर हात घेतले. मे सोईने नखाने ती पट्टी खरवडली.

"काढ."

"मे, पाया पडते. यातच मला चालता येतं..."

"काढ म्हणते ना!" मग तिचा आवाज अगदी खाली गेला. "केसोनचे आहेत हे. याच जिन्यावरून पडून मेली ती. चितेवर मी माझ्या हाताने घातले होते तिच्या पायांत. माझ्यासमोर जळले..."

"पण मे, पेटीत होते ना..."

"पेटी मी भरते, दुआन. पेटीत नव्हते."

तो जोड तिन्हीसांजेच्या आत देवळामागच्या दहनाच्या भट्टीत गेला. मे सोईने दुआनला गावी पाठवलं नाही. भ्यायलेली माणसं कधीकधी मऊ होतात. कोरे करकरीत काळे सँडल तिच्या हातात देऊन ती म्हणाली, "यांना कडकडून चाव."

दुआन चावली. तरी दुसऱ्या संध्याकाळी त्या सँडलनी तिच्या टाचा सोलून काढल्या. पण रक्त बघून तिला हायसंच वाटलं. दुखतंय, म्हणजे आपलेच आहेत.

जिन्याच्या माथ्यावर सगळ्या हातात हात घालून उभ्या राहिल्या. खाली अख्खं गाव लोटलं होतं. दिवे लागले, धूर सुटला, समोरचं काही दिसेना. दुआनने चाचपडत पाय पुढे टाकला. आता पडते, आता पडते... तेवढ्यात डावीकडून कुणीतरी तिचा हात घट्ट धरला. त्या हाताच्या आधाराने ती एकेक पायरी उतरली, खाली नाचली, हसली. शिट्ट्या पडल्या.

खेळ संपल्यावर तिने पडद्यामागे पी वानला मिठीच मारली. "पी, त्या धुरात तू येऊन हात धरलास म्हणून वाचले गं! नाहीतर आज माझी शंभरी भरलीच होती."

"मी?" पी वान हसली. "मी तर उजव्या टोकाला होते. तुझ्या डावीकडे कोण असणार? डावीकडची शेवटची तूच की."

दुआनने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. एवढ्यात मे सोई आली, कधी नव्हे ती खुशीत. "पोरी, जागा पक्की तुझी. अख्खा हंगाम. तेच डावं टोक."

"मे... मला मधे घ्या ना. कुठेही उभी करा, पण..."

"वेडी की काय? केसोन गेल्यापासून त्या टोकाला एकही पोर टिकली नाही. कुणी पडली, कुणी पळाली. तू पहिलीच. आता तुला तिथून हलवते होय!"

दुसरं गाव, दुसरं मैदान, जिना तोच. दुआनने उजवा हात शेजारणीला दिला. डाव्या हाताची मूठ तिने करकचून आवळली आणि कमरेशी घट्ट दाबून धरली. नखं तळव्यात रुतली. दिवे लागले. धूर सुटला. समोर बघत ती हसली.

आणि कुणीतरी तिच्या मुठीचं एकेक बोट, न दुखवता, हळूहळू उलगडू लागलं.