पोटाखालचे दोन हात

न्युरेंबर्गच्या पुलावर त्या दिवशी पाऊस आडवा येत होता, आणि एक उंच तरुण अंगातला कोट काढून, तो छातीशी कवटाळून, स्वतः नखशिखांत भिजत चालला होता. ओटिलीला हसू आवरेना. भिजत तीही होती, पण निदान शहाण्यासारखी, डोक्यावर टोपली धरून.

"कोट अंगात घालतात," ती म्हणाली. "तुमच्या गावी वेगळी पद्धत आहे का?"

"कोटात गेंडा आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "त्याला पाणी लागलं तर छापखान्याचे मालक मला सोडायचे नाहीत. ठसे कोरणारे उस्ताद कुंत्स कुठं राहतात, सांगता का?"

उस्ताद कुंत्स म्हणजे तिचेच वडील. पण हे तिनं लगेच सांगितलं नाही. दोन गल्ल्या उगाच फिरवलं त्याला... भर पावसात.

त्याचं नाव एन्ड्रेस. छापखान्यासाठी चित्रं काढायचा. हिंदुस्थानातून जहाजानं लिस्बनला गेंडा आल्याचं एका व्यापाऱ्यानं पत्रानं कळवलं होतं, सोबत एक ओबडधोबड आकृती होती, आणि तेवढ्यावर सगळं शहर खुळावलं होतं. ज्याला त्याला भिंतीवर गेंडा हवा होता.

"ह्याच्या अंगावर चिलखत कुणी चढवलं?" कोरडा कागद मेजावर पसरताच ओटिलीनं विचारलं.

"कातडी कवचासारखी आहे, असं पत्रात आहे."

"आणि पाठीवरचं हे दुसरं शिंग? तेही पत्रात आहे?"

"ते..." त्याचे कान लाल झाले. "तिथं जागा रिकामी वाटत होती."

बस्स. ओटिली तिथंच गेली कामातून. मला विचाराल तर शिंगापायी प्रेमात पडणारी मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही.

उन्हाळा सरेपर्यंत तो रोज येत राहिला. नासपतीच्या लाकडाच्या फळीवर तो आरशात दिसावा तसा उलटा गेंडा काढायचा, आणि ती मागून कोरत यायची. रेघ राखायची, भोवतालचं लाकूड काढून टाकायचं. राहिलं ते छापलं जातं, गेलं ते गेलं. उस्तादांची नजर अधू झाली होती. नाजूक काम सगळं लेकीचं, हे गावाला ठाऊक नव्हतं. एन्ड्रेसला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

"तुझी कोरणी माझ्या रेघेवरून फिरते ना," एकदा तो हळूच म्हणाला, "तेव्हा माझ्याच पाठीवरून फिरल्यासारखं वाटतं."

"मग रेघा कमी काढ."

"उद्यापासून जास्त काढणार आहे."

खरंच काढल्या त्यानं. गेंड्याच्या अंगावर खवले वाढत गेले, आणि काम लांबत गेलं. दोघांचीही तक्रार नव्हती.

सप्टेंबरात चित्र पुरं झालं. त्या दिवशी तो बराच वेळ टोपी हातात फिरवत दारात उभा राहिला.

"पोटाखाली, पुढच्या पायांच्या मधे, मी एक काढलंय," तो म्हणाला. "मसुराएवढं. हातात हात धरलेले दोन हात. ते फक्त तुझ्यासाठी. राखलेस, तर मी उस्तादांशी बोलेन. काढून टाकलेस, तर... पहिला छाप बघून मी निमूट निघून जाईन. नाही म्हणताना तुझं तोंड बघायची माझी छाती नाही."

"बघू," ओटिली म्हणाली. "तिथं मला सावली थोडी पातळ हवीय."

तिला तेव्हाच हो म्हणता आलं असतं. नव्हे, ओठांवर आलंच होतं. पण त्याचं ते कावरंबावरं तोंड इतकं गोड दिसत होतं की आणखी चार दिवस बघावं, असा मोह तिला झाला. तिनं शिंगं कोरली, खवले कोरले, शेपटी कोरली. पोट मुद्दाम शेवटी ठेवलं. तो रोज डोकावून जायचा, ती रोज फळीवर हात ठेवून झाकायची.

मग फ्युर्टच्या मावशीला दिवस भरले, आणि मदतीला ओटिलीला जावं लागलं. पाच दिवस. जाताना तिनं फळी फडक्यात गुंडाळली आणि मनाशी म्हटलं, आले की पहिलं तेच.

ती परतली तेव्हा फळी मेजावर नव्हती.

"छापखान्याला दिली," उस्ताद म्हणाले. ते खुशीत होते. "जत्रेआधी हवी म्हणून त्यांची घाई चालली होती. तेवढं पोटच राहिलं होतं, म्हटलं तुझ्या डोळ्यांना किती ताण... मीच उरकलं. बोटांना अजून कळतं गं सगळं. एके ठिकाणी शाईचा ठिपका पडला होता, तो काढून टाकला."

ओटिलीनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. ह्या म्हाताऱ्या, सुरकुतल्या, मायेच्या हातांना काय बोलायचं?

छापखान्यात कळलं की एन्ड्रेसनं पहिला छाप खिडकीशी नेऊन पाहिला, ठीक आहे म्हणाला, आणि दुपारी बोचकं उचललं. ती दक्षिणेच्या वेशीपर्यंत धावली. तीन दिवसांपूर्वी तो गेला तो रस्ता पहारेकऱ्यानं बोटानं दाखवला. फिरतीवरच्या कारागिराला पत्ता नसतो. ओटिली वेशीशीच बसली आणि हुंदके देऊन रडली. येणारे-जाणारे पाहत होते, पाहू देत.

गेंडा धडाधड खपला. प्रत्येक बाजारात, प्रत्येक खानावळीच्या भिंतीवर तो जाऊन बसला, आणि जिथं जिथं एन्ड्रेस जेवायला बसेल तिथं तिथं तिचं 'नाही' त्याच्या समोर टांगलेलं असणार होतं. शेकडो वेळा, ठळक काळ्या शाईत. ह्या विचारानं तिची झोप गेली.

नोव्हेंबरात फळी दुरुस्तीला परत आली. तिनं पोटाखाली चौकोनी भोक पाडलं, नव्या लाकडाचं थिगळ ठोकून बसवलं, आणि त्यावर मसुराएवढे दोन हात कोरले. फिरता विक्रेता मेर्टेन चित्रं घेऊन निघाला, तेव्हा ती त्याच्या मागे गेली.

"मेर्टेनकाका, एन्ड्रेस भेटला तर त्याला हे दाखवा. पोटाखाली बघ म्हणावं."

मेर्टेन वसंतात परतला. तो डोळे चुकवत होता.

"नाताळाआधी उल्मला भेटला," तो म्हणाला. "चित्र पुढं केलं. म्हणाला, हा प्राणी मला पाठ आहे काका, नको. बघितलंच नाही पोरी त्यानं, मी तरी काय करणार? परतीला पुन्हा गेलो. हट्टानं नाकासमोर धरलं. मग बघितलं. फार वेळ बघत होता."

"आणि?"

"तोवर त्याचं लग्न झालं होतं, ईस्टरच्या उपासाआधीच. तिथल्या एका उस्तादाच्या विधवेशी. कार्यशाळा मिळाली त्याला." मेर्टेननं टोपी काढली. "निरोप दिलाय. म्हणाला, ते हात काढून टाक म्हणावं. आमच्याही दुकानात हाच गेंडा विकायला असतो, आणि मला रोज तिथंच बसायचं असतं."

छापखान्याला आणखी तीनशे प्रती हव्या होत्या. ओटिलीनं फळी मांडीवर घेतली, कोरणी त्या दोन हातांशी नेली. क्षणभर नेम धरून बसली. एन्ड्रेसची एकही रेघ तिनं आजवर मोडली नव्हती, त्याचा शब्दही नव्हता मोडला.

मग तिनं कोरणी खाली ठेवली, फळीवरची धूळ फुंकली, आणि ती तशीच छापायला पाठवून दिली.