कंसातले आवाज

पहिली खटकलेली गोष्ट अगदी किरकोळ होती. तपासनीस बाईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "अगं, बटणवालीच्या नव्या सिनेमात तू एक आवाज जास्तीचा लिहिलायस."

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मी सिनेमात पडद्यावर खाली उमटणाऱ्या ओळी लिहिते, आणि त्या तपासायचं काम या बाईंचं. संवाद तर लिहायचेच, पण आवाजही लिहायचे, कंसात. दार करकरतं. कप फुटतो. लांब कुठेतरी कुत्रं भुंकतं. आणि बटणवाली म्हणजे टीव्हीवरच्या एका सिनेमामालिकेतली विधवा. छोट्याशा गावात तिचं बटणांचं दुकान, आणि दर सिनेमात त्या गावात एक खून. ती बटणं निवडता निवडता खुनी हुडकते आणि शेवटी सगळे मिळून चहा पितात. रक्ताचा थेंबही दिसत नाही. माझ्यासारख्या भित्रीला झेपतील असे तेवढेच खून.

मावशीचा तर त्या मालिकेवर भारी जीव. तिचे दोन्ही कान कधीचेच गेलेले, त्यामुळे ती माझ्या ओळी वाचूनच बघायची. "त्या गावात घर घ्यायचं तर आधी विमा उतरवावा," असं म्हणून स्वतःच हसायची, आणि स्वतःचं हसू ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं हसायची. अलीकडेच तिच्या हृदयानं दगा दिला होता. मावसबहीण परगावी नोकरीला, म्हणून मी माझं काम घेऊन तिच्याकडे राहायला आले. "एकटं सोडू नका, आणि दचकवू तर मुळीच नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे कुणाला, तर मला. मी दाराची घंटा वाजली तरी जागच्या जागी उडते.

"कुठला आवाज?" मी बाईंना विचारलं.

"'जिन्यावरून कुणीतरी पाय ओढत चढतं.' अगं, पडद्यावर दुकान आहे, ती बरणीत बटणं टाकतेय. जिना कुठून आणलास? कान वाजतात का तुझे?"

मी हसले. इमारतीतला असेल, म्हटलं. फोन ठेवला, आणि मग लक्षात आलं, की माझे हेडफोन कान पुरते झाकणारे आहेत. बाहेरचं काही त्यातून आत येत नाही.

दुपार होती. मावशी बाहेरच्या खोलीत, पडदे ओढून, आरामखुर्चीत बसून बटणवालीचाच एक जुना सिनेमा बघत होती. मी आतल्या खोलीत. मी ती जागा पुन्हा लावली. बटणं काचेवर पडत होती, टिक, टिक. आणि त्या टिकटिकीच्या खाली, खूप खाली… जिना. एक पाय टेकायचा, दुसरा त्याच्यामागून ओढला जायचा. चढणाऱ्याला कसलीही घाई नव्हती.

मी सिनेमा थांबवला. बटणवालीचा हात बरणीवर तसाच राहिला. टिकटिक थांबली. पाय थांबले नाहीत.

हेडफोन काढले. घर गप्प. बाहेरचा टीव्हीही मुकाच, कारण मावशीला आवाजाचा काय उपयोग. पुन्हा घातले. पायरी… फरफट… पायरी. मी हेडफोनची वायर उपटून काढली. तिचं टोक हातात धरून बसले आणि ऐकत राहिले, कारण आवाज आता जिन्यावरून दारापर्यंत आला होता.

कडी सरकली. दार उघडलं. ते आमचंच दार होतं. उघडताना ते शेवटी एकदा कुंथतं, ते मी रोज ऐकते. पॅसेजमधली एक फरशी सुटलेली आहे, पाय पडला की ती खळ्ळ करते. कानात ती फरशी वाजली. मी खोलीच्या दारातून डोकावले. पॅसेज रिकामा. बाहेरचं दार बंद, कडी लावलेली. फक्त वास आला, ओल्या लोकरीचा, फार दिवस न उघडलेल्या कपाटाचा असावा तसा.

पावलं माझ्यापाशी येऊन थांबली. अगदी जवळ. कुणीतरी श्वास घेतला… सोडला. मग पाय ओढला गेला, आणि ते पुढे गेलं.

ते माझ्यासाठी आलेलं नव्हतं. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढच्याच क्षणी कळलं, की पुढे फक्त एकच खोली आहे.

मी धावले नाही. धावत जाऊन मागून हात लावला असता तर मावशी दचकली असती, आणि तिचं दचकणं म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. भिंत धरून, पॅसेजच्या कडेकडेनं गेले. आमच्याकडे मावशीला हाक मारायची म्हणजे दिवा उघडझाप करायचा. बटण दारालगतच आहे. मी दिवा लावला, विझवला. लावला, विझवला. एरवी ती मागे न बघताच हात वर करते, म्हणते, "थांब गं, खुनी सापडतोय."

हात वर झाला नाही.

हेडफोनमध्ये कुणीतरी खुर्ची ओढून घेतली, आजाऱ्याशेजारी बसायला घेतात तशी, हळूच. दुसरी खुर्ची भिंतीशीच होती, जागची हललेली नव्हती. मग कुजबुज सुरू झाली. शब्द लागत नव्हते. समजूत काढतात तसा सूर… थोडा वेळ चालला. आरामखुर्चीचा वेत करकरला. कुणीतरी तिच्यातून उठलं.

माझ्यासमोर मावशी बसलेलीच होती. तिच्या तोंडावर टीव्हीचा उजेड हलत होता. पडद्यावर चहाचं टेबल, भोवती सगळं गाव, आणि खाली मीच कधीतरी लिहिलेली ओळ, कंसात, सगळे हसतात. मी पुढे होऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचा हात हातात घेतला. डोळे उघडे होते, माझ्याकडे नव्हते.

"मावशी…"

कानात आता दोघांची पावलं होती. एक ओढणारी, आणि एक मऊ, सपातांची. सपाता तर तिच्या पायांतच होत्या, माझ्या गुडघ्यांना लागत होत्या. फरशी खळ्ळ वाजली. मग पुन्हा एकदा, वेगळ्या वजनानं.

तिला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. तरी मी जिवाच्या आकांतानं हाक मारली, तिच्या तोंडाकडे बघत, तिचे ओठ हलतात का बघत, मावशी, मावशी म्हणून.

ओठ मिटलेलेच होते. दाराच्या बाजूनं, कानात, तिचा आवाज आला, पण एरवीसारखा मोठ्यानं नाही, आपल्याच आवाजाला जपल्यासारखा हळू.

"ओरडतेस काय गं… ऐकू येतंय मला."